मोरीमागची पात

नाशिक जिल्ह्यात कांद्याला कांदा न लागणं हा जवळजवळ गुन्हा समजला जातो. आमच्या अंगणात मात्र असा एक कांदा वर्षानुवर्षं राजरोस उभा होता. त्याला कधीही गड्डा धरला नाही. खाली करंगळीएवढा पांढरा दांडा, वर पोकळ हिरवी पात, त्या दांड्याला चिकटून दुसरा दांडा, दुसऱ्याला चिकटून तिसरा. असं करत करत बांबूचं होतं तसं त्याचं बेट होतं. वरून कापलं की पुन्हा फुटतं. उन्हाळ्यात रुसतं, थंडीत माजतं, पण मरत नाही. आई त्याला नुसतं ‘पात’ म्हणते. बाजारात मिळते ती जुडी तिच्या मते पात नाहीच. ते कोवळेपणी उपटलेलं कांद्याचं पोर आहे आणि ते खाणं बरं नव्हे.

हे बेट आईच्या माहेरचं, निफाडकडचं. तिथे ते मोरीच्या मागे सांडपाण्यावर वाढलेलं असे. आजी गेल्यावर तिच्या वस्तूंची वाटणी झाली. दागिने सुनांकडे गेले, भांडी ज्यांना उचलता आली त्यांच्याकडे गेली, आणि पात कोणी मागितलीच नाही म्हणून आईकडे आली. आई तेव्हा एकलहऱ्याला राहत होती. बाबा तिथल्या औष्णिक वीज केंद्रात नोकरीला होते. क्वार्टरच्या मागच्या अंगणात पात लागली आणि तिच्यावर रोज बारीक राख पडू लागली. त्यामुळे आमच्या घरात पात तीन पाण्यांत धुण्याची पद्धत पडली, ती आजही, राखेपासून इतक्या लांब आल्यावरही, चालू आहे. बाबा निवृत्त झाले तेव्हा बेट एका फुटक्या बादलीत बसून इथे, आमच्या रो-हाउसच्या अंगणात आलं. पुढे बाबा गेले, बादली गेली, पात राहिली.

पातीचे नियम होते. जमिनीपासून दोन बोटं सोडून कापायची. बेटाच्या कडेने कापत यायचं, मधून कधीच नाही. पावसाळा ओसरला की बेट फोडायचं, बाहेरचे तरुण फुटवे पुन्हा लावायचे आणि मधले म्हातारे खायचे. फुलांचे डेंगळे वर आले की ते उमलायच्या आत खुडून बेसनात तळायचे. बेटातला एक फुटवा गुलाबाशेजारी लावलेला असे, कारण पातीच्या वासाने गुलाबावर मावा पडत नाही असं आईचं ठाम मत होतं. गुलाबावर मावा पडायचाच. ते तिच्या नजरेस आणून दिलं की ती म्हणायची, “पात नसती तर किती पडला असता?” या युक्तिवादाला मला आजवर उत्तर सापडलेलं नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि याहून जाडजूड पुस्तकांत याहून हलके युक्तिवाद पाहिले आहेत.

स्वयंपाकात तर तिचा वावर सगळीकडे. पीठ पेरून भाजी. मुगाची डाळ घालून भाजी. थालीपिठात मूठभर. पिठल्यावर शेवटी कच्चीच, झाकण ठेवायच्या आधी. बाजरीच्या भाकरीबरोबर नुसती, मीठ लावून. चातुर्मासात आई कांदा सोडते. पहिले काही दिवस ती पात फक्त आम्हाला चिरून द्यायची. श्रावण अर्धा होईपर्यंत, हिला गड्डा धरत नाही म्हणजे हा कांदा नव्हेच, या निष्कर्षापर्यंत ती येऊन पोहोचायची.

शेवटचा नियम देण्याघेण्याचा होता. पात कोणाला द्यायची तर हातावर द्यायची नाही. मीठ-मिरचीसारखं. जमिनीवर ठेवायची आणि घेणाऱ्याने उचलायची. हातावर दिली की भांडण होतं. असं कधी झालेलं पाहिलं आहेस का, असं मी तिला कॉलेजात असताना विचारलं होतं. तेव्हा मी सगळ्यांनाच असले प्रश्न विचारत असे.

“पाहिलंय,” ती म्हणाली. “शेजारीच.”

शेजारी म्हणजे एकलहऱ्याच्या शेजारच्या क्वार्टरमधली मावशी. नात्याची नव्हे, भिंतीला भिंत लागल्यामुळे झालेली. दोघींच्या अंगणांमध्ये काटेरी तार होती. आईने पहिल्यांदा बेट फोडून मावशीला दिलं ते त्या तारेवरून. तारेवरून देताना वस्तू जमिनीवर ठेवणार कशी? आईने हातातच दिली.

पुढच्याच थंडीत कॉलनीच्या क्लबात पाककृती स्पर्धा झाली. एका मोठ्या साहेबांच्या पत्नी परीक्षक होत्या. त्यांनी प्रत्येक पदार्थातला अर्धा चमचा खाऊन अर्धा मिनिट डोळे मिटले. मावशीच्या पातीच्या वड्यांना पहिला क्रमांक मिळाला. आईच्या पातीच्या थालीपिठाला उत्तेजनार्थ. पात एकच, ताटं दोन. बक्षीस म्हणून मावशीला नाव कोरलेला स्टीलचा डबा दिला गेला, आणि परीक्षकबाईंनी माइकवरून विचारलं, “इतकी सुरेख पात तुम्हाला मिळाली कुठून?”

“माझ्या माहेरची आहे,” मावशी माइकवर म्हणाली.

आई तिसऱ्या रांगेत बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून दोघींचं ‘अगं’ बंद झालं आणि ‘अहो’ सुरू झालं. अत्यावश्यक बातम्या आम्हा मुलांमार्फत तार ओलांडायच्या. “मावशींना सांग, उद्या दूधवाला येणार नाही.” आईला स्वतःचा नंबर हुकल्याचं वाईट वाटलं नव्हतं, निदान ती तसं म्हणायची. तिचा मुद्दा भूगोलाचा होता. “तिचं माहेर इगतपुरीकडचं. तिथे भात होतो. तिथल्या पावसात पात चार दिवस तरी उभी राहील का?” हा मुद्दा तिने मला इतक्या वेळा सांगितला आहे की इगतपुरीहून गाडी जाताना मी अजूनही खिडकीतून नकळत पात शोधते.

या वर्षी मे महिन्यात मामाचा सत्कार ठरला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जन्मभर कांद्याचा व्यापार केलेला. ढिगात हात घालून तो कांदा किती दिवस टिकेल ते सांगतो आणि ते खरं निघतं. आता धंदा मुलं बघतात आणि मामा सत्कार स्वीकारतो. या खेपेला नाशिकमधल्या एका मंडळाने त्याला ‘कांदाभूषण’ ठरवलं होतं. तो त्यासाठी आमच्याकडे राहायला आला, नेमकी आई मालेगावला मावसबहिणीकडे गेलेली असताना. मावसबहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

आल्या संध्याकाळीच मामा बेटासमोर जाऊन उभा राहिला.

“हे काय हाय?”

“पात आहे मामा.”

“पात वर असती. खाली काय हाय?”

“खाली काही नसतं.”

“नाय कसं?” त्याने बोटाने माती उकरून पाहिली आणि डॉक्टर पाहतात तसं माझ्याकडे पाहिलं. “पाणी लय झालंय. आक्काला पहिल्यापासून पाण्याचा अंदाज नाय. पाणी तोड.”

नाशिकच्या माणसाला कांद्याबद्दल सल्ला देणं किती कठीण आहे हे बाहेरच्यांना कळणार नाही. इथे न्हाव्यापासून न्यायाधीशापर्यंत प्रत्येकाला कांद्यातलं कळतं. कांदा महागला की दिल्ली रडते, स्वस्त झाला की आम्ही. त्यात मामा तर भूषणच होणार होता. तरी मी म्हणाले, “मामा, ही वेगळी आहे. आजीच्या वेळची. आई आली की विचारू.”

“बरं बरं,” तो म्हणाला. मी ते होकारार्थी घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेल्यावर मामाने बेटावरून चप्पल घालून येरझाऱ्या घातल्या. उन्हाळ कांदा काढणीला आला की त्याच्या माना आपोआप पडतात. नाही पडल्या तर पाडतात, म्हणजे पातीतला जीव खाली गड्ड्यात उतरतो. शेतात हे बरोबर आहे. इथे उतरायला जागाच नव्हती. त्याच्या पुढच्या दिवशी, सत्काराच्या सकाळी, त्याने सगळं बेट उपटलं, गुलाबाशेजारच्या फुटव्यासकट.

संध्याकाळी मी घरी आले तेव्हा बेट गच्चीवर वाळत होतं. मांडणी देखणी होती हे मान्य केलं पाहिजे. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या दांड्यांवर पांघरलेली, जशी शेतात घालतात, म्हणजे कांदा उन्हाने भाजत नाही. मुळ्या त्याने आधीच कात्रीने साफ कापल्या होत्या आणि आता तो मानांवर आला होता. त्याने माझ्याकडे गोणी मागितली होती. माल एका कॅरीबॅगेत मावला.

“मामा! हे काय केलंत?”

“माल बारीक निघाला,” मामा खिन्नपणे म्हणाला. “बियाणंच हलकं.”

सत्कार थाटात झाला. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि त्यांनी बळिराजाच्या डोळ्यांतल्या अश्रूंवर बराच वेळ घेतला. शाल, श्रीफळ आणि मानचिन्ह म्हणून एक पितळी कांदा देण्यात आला. त्या मानचिन्हाबद्दल प्रेक्षकांत दोन तट पडले. आमच्या रांगेत बहुतेकांना तो लसूण वाटला. नंतर मंडळाचे चारजण जेवायला घरी आले, आणि मामाने माल वाया घालवू नको म्हणून कॅरीबॅग ओट्यावर आणून ठेवली. मी पीठ पेरून भाजी केली. पाहुण्यांपैकी एकाने दोनदा मागून घेतली आणि म्हणाला, असला स्वाद कुठल्याच कांद्याला पाहिला नाही. मामा म्हणाला, “आमच्या आक्काच्या हातचा माल हाय.” मी त्यातले दोन तुकडे आधीच काढून पाण्यात ठेवले होते. मुळाशिवाय ते काय करणार? चार दिवसांत विरघळले.

आई मालेगावहून आली ती पिशवी हातात घेऊनच अंगणात गेली.

“इथलं बेट?”

“निघालं,” मामा म्हणाला.

“निघालं म्हणजे?”

“काढलं. वेळ झाली होती आक्का. उतारा काय पडला नाय.”

आई पायरीवर बसली. मोकळ्या मातीत मामाच्या चपलांचे ठसे होते.

“अरे, ती आपल्या मोरीमागची पात होती,” ती म्हणाली. “आईची.”

मामाने खरोखर आठवून पाहिलं. तो खोटं बोलणारा माणूस नाही, हीच अडचण. “आपल्याकडं? आपल्याकडं असलं काय नव्हतं, आक्का.”

क्लबातल्या माइकवरून जे ऐकलं होतं तेच आता सख्ख्या भावाकडून. आईने त्याच्याकडे पाहिलं. “तू मोरीमागे कधी आला होतास? ताट पुढ्यात यायचं, ताट पुढ्यातून उचललं जायचं. मोरी कुठल्या दिशेला होती ते तरी सांग.”

मामाने हात अर्धवट वर केला आणि कुठल्याच दिशेला न नेता खाली घेतला.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. नेहमीसारखा स्वयंपाक केला, बाजारातली पात आणली नाही आणि कोणी आणायची हिंमत केली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, “आईचं तेवढंच होतं माझ्याकडे.” मग भाकरी उलटली.

मी शोधाशोध सुरू केली. आईने आयुष्यभर पात वाटली होती, तेव्हा कुठेतरी असणारच. एकीने दिली त्याच दिवशी भाजी केली होती. एकीच्या कुंडीत ती दोन वर्षं होती, पण कांदा लागेना म्हणून नवऱ्याने उपटली. हे नवरेही नाशिकचेच. निफाडच्या घराची मोरी केव्हाच पाडली होती. मागे आता मामाच्या धाकट्याची गाडी उभी राहते. शेवटी एकच जागा उरली. आईला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. मला वाटतं त्यामुळेच ती गप्प होती.

“मावशीकडे असेल,” मी म्हणाले.

“असेल.”

“मग जाऊ या.”

“जाऊन काय म्हणू? तुमची पात द्या? म्हणजे तिची झाली की.”

“पण आई, ती आहे तुझीच, हे तुला माहीत आहे.”

“मला माहीत असून काय उपयोग? आता तर माझ्या भावालाही माहीत नाही.”

हा तिढा आठवडाभर आमच्या घरात राहिला. पात हवी तर हक्क सोडायचा, हक्क ठेवायचा तर पात नाही. माझ्या नवऱ्याने मध्यममार्ग सुचवला की, तो एकटा जाऊन कुंपणावरून थोडी उपटून आणेल. आईने त्याच्याकडे जावयाकडे पाहावं तसं पाहिलं. मग एका सकाळी तिने पिशवीत ओलं फडकं आणि आपलं खुरपं ठेवलं. “तिचं बोथट असेल,” म्हणाली.

जुन्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून मी मावशीचा नंबर मिळवला होता. कशासाठी येतोय ते फोनवर सांगितलं. “या,” एवढंच उत्तर आलं. मावशी आता नाशिकरोडला मुलाच्या घरी, तळमजल्यावर राहते. मागे लहानसं अंगण आहे. आम्ही बसलो त्या खोलीच्या दारातून ते दिसत होतं आणि त्यात पात दिसत होती. एक मोठं बेट, घमेल्यात न मावणारं, आणि भिंतीलगत लहान बेटांची रांग.

आईने तिकडे पाहून घेतलं आणि मला हळूच म्हणाली, “मधून कापते अजून.”

मावशी चहा घेऊन आली. गुडघ्यांची चौकशी झाली. दोघींच्या मिळून चारही गुडघ्यांबद्दल बोलणं झालं. मग तो विषय संपला.

“काय काम काढलंत एवढ्या वर्षांनी?” मावशीने विचारलं. तिला माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

“पात हवी होती थोडी,” आई म्हणाली.

“कुठली पात?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास सुरू केला. महिना मागचाच होता. आईने कप बशीत ठेवला, पदराची कड सारखी केली, आणि कोणी औषध एका घोटात घ्यावं तसं म्हणाली, “तुमच्या माहेरची.”

मावशी उठली, मागे गेली. आम्हीही गेलो. आईने पिशवीतून खुरपं काढून पुढे केलं, मावशीने ते घेतलं, धारेवरून अंगठा फिरवला आणि बेटाच्या कडेने माती सोडवायला लागली. बाहेरचे तरुण फुटवे तेवढे मातीसकट वेगळे केले, मधल्या म्हाताऱ्यांना हात लावला नाही. चांगली ओंजळभर पात झाली. आईने फडकं हातावर पसरून हात पुढे केले.

मावशीने स्वतःचे हात मागे घेतले. वळली आणि पात कपडे धुण्याच्या दगडावर ठेवली.

“नको,” ती म्हणाली. “हातावर नको. मागे तू तारेवरून हातावर दिलीस, त्याचं काय झालं ते बघितलं ना.”

आईने वाकून पात उचलली आणि फडक्यात गुंडाळली. दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही. “पाणी जरा बेतानं घाल सुरुवातीला,” मावशी म्हणाली. आई म्हणाली, “माहीत आहे गं मला.”

परतताना रिक्षात ती पात मांडीवर घेऊन बसली होती. द्वारका चौक ओलांडल्यावर तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

“ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“‘तू दिलीस’ म्हणाली.”

“मग तिथेच का नाही बोललीस?”

“कशाला? पात मिळाली होती.”

बेट आता पुन्हा त्याच जागी आहे. मामाला कळलं तेव्हा त्याने मुलाबरोबर गोणीभर कांदा पाठवला, एकसारखा, लाल, ढिगातून निवडून काढलेला. माफी मागण्याची ही त्याची पद्धत आहे आणि ती टिकाऊ आहे. पितळी कांदा तो आमच्याकडे विसरून गेला होता, की ठेवून गेला होता. आईने मांजरांपासून पात राखायला तिच्यावर जाळी घातली आणि जाळी उडू नये म्हणून तिच्यावर तो ठेवला. नवऱ्याने शेजारी ‘हा कांदा नाही’ अशी पाटी लावायची तयारी दाखवली. आई म्हणाली, “नको. वाचून लोक खात्री करायला येतील.”

पात नीट रुजून पहिली कापणी झाली तेव्हा आईने पीठ पेरून भाजी केली, प्लॅस्टिकच्या डब्यात भरली आणि मला नाशिकरोडला पाठवलं. निरोप काहीच नव्हता. मावशीने डबा घेतला, मला बसवून ठेवलं, आणि बराच वेळ आतून भांड्यांचा आवाज आला. डबा रिकामा परत करायचा नसतो, त्यामुळे मी वाट पाहिली. पण तिने आणून दिला तो आमचा डबा नव्हता. स्टीलचा होता. झाकणावर तिचं नाव आणि ‘प्रथम क्रमांक’ कोरलेलं होतं. आत गरम वडे होते.

“ह्याचं झाकण घट्ट बसतं,” मावशी म्हणाली. “ह्यातूनच पाठवत जा म्हणावं. आणि आईला सांग, भाजीत मीठ थोडं जास्त झालंय.”

घरी आल्यावर मी डबा दिला आणि निरोप दिला. आईने वडा मोडून खाल्ला. दुसरा खाल्ला. रिकामा डबा घासून, पुसून फळीवर ठेवला, कोरलेलं नाव भिंतीकडे करून.

“मीठ जास्त?” ती म्हणाली. “हिच्या जिभेला चव कधी होती?”

आणि माझा फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, “तिचा नंबर लावून दे.”